पिप म्हणतं ‘आहे’, पायथन म्हणतं ‘नाही’: मॉड्यूल सापडत नसेल तर काय करायचं

लक्षण असं असतं. पायथन शिकायला घेतलंय, सुरुवातीचे धडे झालेत, प्रिंट झालं, इफ-एल्स झालं, लूप कसंबसं झालं. मग एका धड्यात लायब्ररी येते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड; प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करताना तिलाच मॉड्यूल म्हणतात. कुणाला पायगेम लागतं, कुणाला पँडाज, कुणाला रिक्वेस्ट्स. व्हिडिओतला माणूस काळ्या खिडकीत ‘पिप इन्स्टॉल’ करतो (पिप म्हणजे लायब्ररी उतरवून बसवणारा पायथनचा प्रोग्राम) आणि पुढे सरकतो. तुम्हीही करता. ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ असं येतंसुद्धा. मग प्रोग्राम रन केला की लाल अक्षरांत: मॉड्यूल नॉट फाउंड एरर, नो मॉड्यूल नेम्ड पायगेम. पुन्हा पिप चालवावं तर ते सांगतं, रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड.

एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

या ठिकाणी बरेच जण पायथनच सोडून देतात. ‘मला प्रोग्रामिंग जमत नाही’ असं ठरवून टाकतात. खरं तर अजून प्रोग्रामिंगचा प्रश्न आलेलाच नसतो. तुमचा कोड बरोबर असतो, लायब्ररी बरोबर असते, फक्त कोड एका पायथनकडे जातोय आणि लायब्ररी दुसऱ्याच पायथनकडे गेलीय. म्हणून हा एरर आला की कोडला हात लावायचा नाही. आधी शोधायचं: चालतंय ते पायथन कुठलं, फाइल कुठली आणि फोल्डर कुठला. पुढचं सगळं या तीन प्रश्नांभोवती आहे.

खालच्या कमांड मी फोनवर सांगतात तशा उच्चाराने लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान. बहुतेक उदाहरणं विंडोजची आहेत, कारण घरोघरी आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तेच असतं.

एका कॉम्प्युटरवर इतके पायथन येतात कुठून?

न मागता येतात. पायथनच्या अधिकृत साइटवरून एक इन्स्टॉल केलेलं असतं. एखाद्या दिवशी कमांड प्रॉम्प्टवर ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर आपोआप उघडलं, तिथे ‘गेट’ दाबलं, दुसरं आलं. डेटा सायन्सच्या कुठल्या तरी कोर्ससाठी ॲनाकोंडा टाकलं, त्याच्या पोटात तिसरं. शिवाय २०२० पासून पायथनचं नवं व्हर्जन दर ऑक्टोबरला येतं: ३.१२ आलं २०२३ मध्ये, ३.१३ आलं २०२४ मध्ये, ३.१४ आलं २०२५ मध्ये. ३.१२ वर ३.१३ टाकलं तर जुनं जात नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. जुना एरर जावा म्हणून जे पायथन पुन्हा डाउनलोड करतात त्यांच्याकडे तर हमखास एकाचे दोन झालेले असतात. रोग्याला तेच औषध पुन्हा दिलं आणि रोग वाढला, असा प्रकार.

वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं आहे हे. वाडा एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाचं स्वयंपाकघर वेगळं. डबा तुम्ही वरच्या मजल्यावरच्यांच्या फडताळात ठेवलात, तर खालच्यांना तो सापडणार कसा? पायथनच्या बाबतीत हे फडताळ म्हणजे ‘साइट-पॅकेजेस’ नावाचा फोल्डर. प्रत्येक पायथनचा आपापला असतो. पिपही प्रत्येकाचं आपापलं असतं, आणि ते लायब्ररी ठेवतं ती स्वतःच्याच साइट-पॅकेजेसमध्ये.

मग नुसतं ‘पिप’ टाइप केल्यावर यांतलं कुठलं चालतं? विंडोजकडे फोल्डरांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. विंडोज ती यादी वरून खाली बघत जातं आणि जे पिप पहिलं सापडेल ते चालवतं. तुम्ही ज्यात कोड लिहिता तो एडिटर, उदाहरणार्थ व्हीएस कोड, मात्र त्या यादीकडे बघेलच असं नाही. व्हीएस कोडला त्याचं स्वतःचं निवडलेलं पायथन असतं. घोळ तिथेच होतो.

तपास: एरर नाही, मार्ग वाचा

भाचीचा फोन येतो तेव्हा संवाद साधारण असा होतो.

“मावशी, पायगेम येतच नाहीये. कितीदा टाकलं.”

“टाकल्यावर काय लिहून आलं?”

“ऑलरेडी सॅटिस्फाइड.”

“त्याच्या पुढे?”

“पुढे काहीतरी लांबलचक आहे. सी कोलन, यूजर्स, माझं नाव...”

“तेच वाच. शेवटपर्यंत.”

“ॲपडेटा, लोकल, प्रोग्राम्स, पायथन, मग पायथन थ्री-वन-वन, लिब, साइट-पॅकेजेस.”

“आता व्हीएस कोडमध्ये फाइल उघडी ठेव. खाली उजव्या कोपऱ्यात आकडा काय दिसतो?”

“तीन पॉइंट तेरा... अगं, हे वेगळंच आहे!”

संपला तपास. लायब्ररी ३.११ च्या घरात, प्रोग्राम ३.१३ च्या घरात. ‘ऑलरेडी सॅटिस्फाइड’ वाचून सगळे थांबतात. पण त्याच ओळीत पुढे पूर्ण पत्ता लिहिलेला असतो आणि तो कुणी वाचत नाही.

व्हीएस कोड नसेल, किंवा कोपऱ्यात काही दिसत नसेल, तर सगळ्यात भरवशाची खूण प्रोग्रामलाच विचारायची. फाइलच्या अगदी वर, बाकी सगळ्या इम्पोर्टच्या आधी, दोन ओळी घाला. पहिली ‘इम्पोर्ट सिस’, त्यातलं सिस म्हणजे एस-वाय-एस. दुसऱ्या ओळीत प्रिंट, आणि त्याच्या कंसात ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’. रन केल्यावर एरर येण्याआधी एक मार्ग छापला जाईल, शेवटी पायथन डॉट ईएक्सई असलेला. तुमचा प्रोग्राम ज्याच्या हातात आहे तो हाच. या ओळी बाकी इम्पोर्टच्या खाली घातल्या तर काहीच छापलं जाणार नाही, कारण एरर आल्यावर पायथन पुढच्या ओळीवर जातच नाही.

आता पिपला विचारा तू कुणाचं. टर्मिनलमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, ‘पिप’, स्पेस, दोन डॅश आणि जोडून ‘व्हर्जन’. उत्तरात पिपचा पत्ता येतो आणि शेवटी कंसात ते कुठल्या पायथनचं आहे तो आकडा. दोन्ही मार्ग एकाखाली एक ठेवून बघा. वेगळे असतील तर रोग सापडला.

घरात एकूण पायथन किती, ते ‘पी-वाय’ सांगतो. पी, वाय एवढीच दोन अक्षरं, मग स्पेस, डॅश, शून्य, पी. ही कमांड सगळी व्हर्जनं त्यांच्या पत्त्यांसकट मांडते आणि नुसतं पी-वाय म्हटलं तर कुठलं चालेल त्यापुढे तारा काढते. ‘पी-वाय’ हा विंडोजवर पायथनबरोबर येणारा एक छोटा लाँचर आहे. नवशिक्यांना तो कुणी का सांगत नाही, देव जाणे. अर्ध्या तक्रारी त्यानेच मिटतात.

‘व्हेअर पायथन’ ही कमांडही पुष्कळ ठिकाणी सांगितलेली दिसेल. साध्या कमांड प्रॉम्प्टवर ती चालते. व्हीएस कोडचं टर्मिनल मात्र बहुधा पॉवरशेल, म्हणजे विंडोजचीच दुसऱ्या प्रकारची कमांड खिडकी, असतं, तिथे ‘व्हेअर’चा अर्थ वेगळा आहे, त्यामुळे काहीच उत्तर येत नाही आणि वाटतं पायथनच नाही. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर डॉट ईएक्सई पायथन’ असं लिहावं लागतं.

उपाय

नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ लिहायची सवय आजपासून बंद. त्याऐवजी ज्या पायथनला लायब्ररी हवी, त्यालाच सांगायचं की तुझं स्वतःचं पिप चालव. प्रोग्राम ३.१३ वर चालत असेल तर: पी-वाय, स्पेस, डॅश आणि जोडून ३.१३, स्पेस, डॅश एम, स्पेस, पिप, स्पेस, इन्स्टॉल, स्पेस, पायगेम. यातला ‘डॅश एम पिप’ हा भाग महत्त्वाचा. त्यामुळे पाथच्या यादीत कोण पहिलं आहे याला काही अर्थच उरत नाही. मॅक आणि लिनक्सवर पी-वाय नसतो, तिथे सुरुवात ‘पायथन३’ने करायची, पुढचं तेच.

प्रोग्राम ॲनाकोंडाच्या पायथनवर चालतोय असं दिसलं तर पी-वायच्या नादी लागू नका. स्टार्ट मेनूत ॲनाकोंडा प्रॉम्प्ट नावाची वेगळी खिडकी असते, ती उघडून तिथेच ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल’ करा.

उलटा रस्ताही आहे. लायब्ररी आहे तिथेच राहू द्या, प्रोग्रामला तिकडे पाठवा. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबा, ‘पायथन सिलेक्ट इंटरप्रिटर’ शोधा (इंटरप्रिटर म्हणजे कोड चालवणारं पायथन), यादीतून ३.११ निवडा. मग जुनं टर्मिनल कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबून बंद करा आणि नवं उघडा.

व्हीएस कोडमध्येच आणखी एक फसवणूक आहे. ‘पायथन’ हे एक्स्टेन्शन, म्हणजे व्हीएस कोडला वरून लावायची जोडणी, वेगळं आणि ‘कोड रनर’ हे वेगळं. दोघंही वर उजवीकडे एक त्रिकोणी बटण देतात. पायथनवालं तुम्ही निवडलेलं इंटरप्रिटर वापरतं. कोड रनर सहसा नुसतं ‘पायथन’ म्हणून हाक मारतं, म्हणजे पुन्हा पाथच्या यादीत जो पहिला तो. इंटरप्रिटर बदलूनही एरर तोच राहिला तर खाली ‘आउटपुट’ नावाच्या टॅबमध्ये चौकोनी कंसात ‘रनिंग’ असं दिसतंय का बघा. दिसत असेल तर बटण कोड रनरचं दाबलं गेलंय. ‘माझा प्रोग्राम इनपुटपाशी अडकतो, काही टाइपच होत नाही’ ही तक्रारही बहुतेकदा त्याचीच, कारण त्या आउटपुट टॅबमध्ये लिहिता येत नाही. शिकणाऱ्याने कोड रनर काढून टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं सांगायचं तर पहिला महिनाभर व्हीएस कोडचीही गरज नाही. पायथनबरोबर आयडल नावाचा साधा एडिटर फुकट येतो. फाइल लिहा, एफ-फाइव्ह दाबा, सेव्ह करायचं राहिलं असेल तर तोच विचारतो. दिसायला जुनाट आहे, पण तो त्याच्याच पायथनवर चालतो, त्यामुळे हा सगळा तपास निम्मा होतो.

आणि घरात पायथनचा बाजारच भरला असेल, कुठलं कशासाठी टाकलं तेही आठवत नसेल, तर सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे जाऊन ‘पायथन’ शोधा आणि जेवढी दिसतील तेवढी काढा. ॲनाकोंडा लागत नसेल तर तेही. तुमच्या प्रोग्रामच्या फाइली याने जात नाहीत. मग एकच पायथन टाका. अधिकृत साइटवरच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने टाकत असाल तर पहिल्याच पडद्यावर तळाशी ‘ॲड पायथन टू पाथ’ अशी चौकट असते, ती आपोआप टिक केलेली नसते. मोठं ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबायच्या आधी ती टिक करा. ती राहून गेली असेल तर सगळं पुन्हा करायची गरज नाही. तोच इन्स्टॉलर परत चालवा, ‘मॉडिफाय’ निवडा, पुढच्या पडद्यावर ‘ॲड पायथन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ टिक करा. पाथ बदलल्यावर उघडी टर्मिनलं जुनीच यादी धरून बसतात, म्हणून ती, आणि व्हीएस कोडही, पूर्ण बंद करून उघडा.

पायथन टाइप केल्यावर स्टोअरच उघडत राहत असेल तर तो व्हायरस नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून पायथन नावाचा एक नामधारी शॉर्टकट ठेवलाय. सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्यूशन एलियासेस’ शोधा आणि पायथनच्या नावाची बटणं बंद करा.

सगळ्यात अगदी नवं व्हर्जन घ्यायची घाई करू नका. ऑक्टोबरात नवं पायथन येतं, पण त्याच्यासाठी तयार केलेल्या लायब्रऱ्या हळूहळू येतात. अशा वेळी पिप ती लायब्ररी तुमच्याच कॉम्प्युटरवर बांधायला घेतं आणि ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० लागेल’ असा भलामोठा एरर देतं. त्याच्या मागे लागून अनेक जीबी डाउनलोड करू नका. एक पायरी मागचं पायथन घ्या.

पायथन एकच आहे, तरी सापडत नाही

मग नावाकडे बघा. इन्स्टॉल करायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव एकच असतं असा काही नियम नाही. इन्स्टॉल ‘पिलो’, इम्पोर्ट ‘पीआयएल’, तेही कॅपिटल अक्षरांत. इन्स्टॉल ‘ओपनसीव्ही-पायथन’, इम्पोर्ट ‘सीव्ही२’. इन्स्टॉल ‘सायकिट-लर्न’, इम्पोर्ट ‘एसकेलर्न’. इन्स्टॉल ‘ब्यूटिफुलसूप४’, इम्पोर्ट ‘बीएस४’. एररमध्ये दिसतं ते नाव जसंच्या तसं पिपला देऊन काही तरी भलतंच पॅकेज उतरवून घेण्यापेक्षा त्या लायब्ररीच्या स्वतःच्या पानावर इन्स्टॉलची ओळ बघावी. आणि ‘रँडम’, ‘टर्टल’, ‘टीकेइंटर’ यांना पिप लागतच नाही. ती पायथनबरोबरच येतात.

टर्टलवरून आठवलं. कासवाने चौकोन काढायचा धडा असतो आणि मूल मोठ्या हौसेने फाइलला नाव देतं टर्टल डॉट पीवाय. झालं. आता ‘इम्पोर्ट टर्टल’ म्हटल्यावर पायथन आधी तुमच्याच फोल्डरात बघतं, तिथे त्याला टर्टल नावाची फाइल मिळते, म्हणजे तुमचीच, आणि ती स्वतःच स्वतःला इम्पोर्ट करू लागते. एरर येतो ॲट्रिब्यूट एरर, त्यात ‘पार्शियली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ आणि ‘सर्क्युलर इम्पोर्ट’ असले शब्द. कुठल्या नवशिक्याला यातून कळणार की चूक फाइलच्या नावात आहे? ३.१३ पासून पायथन बरंच सरळ सांगतं, की फाइलचं नाव लायब्ररीच्या नावासारखं आहे, बदलून बघा. त्याआधीच्या व्हर्जनांत स्वतः ओळखावं लागतं. फाइलचं नाव बदला, आणि त्याच फोल्डरात त्या नावाची दुसरी कुठली प्रत उरली नाही ना, तेही बघा. ‘रँडम’ आणि ‘पँडाज’च्या बाबतीत हेच होतं. फाइलींना ‘माझा_चौकोन’, ‘फासे_खेळ’ अशी नावं इंग्रजी अक्षरांत द्यावीत, कधीच भांडण होत नाही.

कमांडच चुकीच्या जागी

ओळीच्या सुरुवातीला >>> अशी तीन टोकं दिसत असतील तर तुम्ही पायथनच्या आत आहात. तिथे ‘पिप इन्स्टॉल’ लिहिलं की सिंटॅक्स एरर येणार, ‘पायथन’ लिहून पुढे फाइलचं नाव दिलं तरी येणार, कारण त्या कमांड पायथनच्या नाहीत, टर्मिनलच्या आहेत. ‘एक्झिट’ आणि रिकामा कंस लिहून बाहेर या. ओळीची सुरुवात सी कोलनने किंवा पीएस या अक्षरांनी झाली की तुम्ही टर्मिनलवर आहात.

बदल केला तरी जुनंच आउटपुट

ही थोडी वेगळी तक्रार, पण मूळ तेच. चालणारी फाइल तुम्ही बघताय ती नाही. फाइलमध्ये एक ओळ घाला: प्रिंटच्या कंसात ‘फाइल’ हा शब्द, त्याच्या आधी दोन अंडरस्कोर आणि नंतर दोन अंडरस्कोर. पूर्ण पत्ता छापला जाईल. पुष्कळदा दिसतं की बदल डेस्कटॉपवरच्या प्रतीत चाललेत आणि चालतेय डाउनलोड्समधली. ती ओळ छापलीच गेली नाही तर वेगळ्या पुराव्याची गरजच नाही: दुसरीच फाइल चालतेय, किंवा तुमची सेव्ह झालेली नाही.

नोटपॅडवाल्यांसाठी आणखी एक. विंडोज फाइलच्या नावाची शेपटी लपवतं. तुम्हाला ‘हॅलो डॉट पीवाय’ दिसतं, प्रत्यक्षात ते ‘हॅलो डॉट पीवाय डॉट टीएक्सटी’ असतं. एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. हे कायमचं चालूच ठेवा.

प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं घर

लायब्रऱ्या वाढू लागल्या की वेनव्ह करायला शिका, म्हणजे एका प्रोजेक्टपुरतं स्वतंत्र साइट-पॅकेजेस. पहिल्या आठवड्यात याची गरज नाही. काही शिक्षक पहिल्याच तासाला ते करायला लावतात आणि मुलं तिथेच गळतात. प्रोजेक्टच्या फोल्डरात उभं राहून: पी-वाय, डॅश एम, वेनव्ह, डॉट-वेनव्ह. त्यातलं वेनव्ह म्हणजे व्ही-ई-एन-व्ही. मग त्या फोल्डरातल्या स्क्रिप्ट्समधलं ‘ॲक्टिव्हेट’ चालवायचं. ओळीच्या सुरुवातीला कंसात नाव आलं की आत शिरलात.

इथे नेहमी येणारे अडथळे ठरलेले आहेत. पॉवरशेल म्हणतं, या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर ‘सेट-एक्झिक्यूशनपॉलिसी, डॅश स्कोप करंटयूजर, रिमोटसाइन्ड’ एकदा चालवलं की सुटतं. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर असल्या सेटिंगशी खेळू नका, पॉवरशेलऐवजी साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा, तिथे ही बंदी लागत नाही.

दुसरा अडथळा पेनड्राइव्हचा. घरी केलेलं प्रोजेक्ट वेनव्हसकट कॉपी करून कॉलेजात नेलं आणि सादरीकरणाच्या दिवशी सगळं ‘नॉट फाउंड’. वेनव्हमध्ये तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, ते दुसरीकडे लागू पडत नाहीत. फोल्डरचं नाव बदललं किंवा तो उचलून दुसरीकडे ठेवला तरी तीच गत. न्यायची ती फक्त तुमची फाइल आणि लायब्रऱ्यांची यादी. यादी बनते ‘पायथन डॅश एम पिप फ्रीझ’ने, तिला > या चिन्हाने ‘रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी’ फाइलमध्ये वळवायचं. तिकडे नवं वेनव्ह करून ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल डॅश आर’ आणि त्या यादीचं नाव. हे आदल्या दिवशी करा, लॅबला इंटरनेट असेल याचा भरवसा धरू नका.

आता लिनक्सवाल्यांसाठी. उबुंटूच्या २३.०४ पासून पुढच्या व्हर्जनवर आणि डेबियन १२ वर साधं पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून सरळ नकारच देतं. तो दोष नाही. तिथलं पायथन सिस्टिम स्वतःच्या कामाला वापरते, म्हणून त्याला कुलूप आहे. ते कुलूप तोडायचा पर्याय त्याच मेसेजमध्ये दिलेला असतो, पण तो वापरू नका. वेनव्ह करा.

व्हिडिओवाल्याचं चालतं, माझंच नाही

शेवटी आपल्याकडचे काही खास. व्हॉट्सॲपवर आलेला कोड पेस्ट केला की अंडरस्कोर आणि तारे गायब झालेले असू शकतात, कारण व्हॉट्सॲप त्यांना तिरकं आणि ठळक करण्याच्या खुणा समजतं. फोनचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळलेली करतो, त्यावर ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ येतं. ती चिन्हं खोडून कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरून पुन्हा टाइप करा.

कीबोर्ड मराठीवर राहिला तर गंमत होते. पायथन ३ मध्ये ‘वय’ असं देवनागरी व्हेरिएबल चालतं. इनपुटला वापरकर्त्याने २५ देवनागरीत टाइप केलं आणि त्याला ‘इंट’ लावलं तरी बरोबर पंचवीसच मिळतात. पण कोडमध्ये तोच देवनागरी २५ थेट लिहिला तर सिंटॅक्स एरर.

फाइलमध्ये मराठी लिहायला गेलात आणि ‘चारमॅप कोडेक कान्ट एन्कोड’ आलं, तर दोष मराठीचा नाही. विंडोजवर पायथन फाइल उघडताना बहुधा जुनी पाश्चात्त्य अक्षरसारणी धरतं, तिच्यात देवनागरी नाहीच. व्हिडिओवाला मॅकवर असतो, त्याला हे दिसतही नाही. ‘ओपन’च्या कंसात ‘एन्कोडिंग’, मग बरोबरचं चिन्ह (=), मग अवतरणचिन्हांत ‘यूटीएफ-८’ द्या. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, नाहीतर एक्सेल मराठीचा चिवडा करून दाखवेल.

आणि फाइलचा मार्ग एक्सप्लोररमधून कॉपी करून कोडमध्ये चिकटवला की ‘युनिकोड एरर, ट्रंकेटेड’ असं काहीतरी येतं. मार्गातल्या ‘यूजर्स’च्या आधी उलटी तिरकी रेघ असते, आणि ती रेघ अधिक कॅपिटल यू म्हणजे पायथनच्या लेखी एका विशेष अक्षराची सुरुवात. अवतरणचिन्हाच्या आधी आर हे अक्षर लावा, किंवा सगळ्या रेघा सरळ तिरक्या करा. डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल तर त्याचा पत्ताही वेगळा असतो, त्यामुळे तो अंदाजाने लिहू नका.

इतकं करूनही अडलात तर कुणाला विचारताना ‘एरर येतोय’ एवढंच लिहू नका. ‘ट्रेसबॅक’ या शब्दापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं कॉपी करा, त्याखाली सिस डॉट एक्झिक्युटेबलने छापलेला मार्ग, त्याखाली पिपच्या व्हर्जनचं उत्तर, आणि रन कशाने केलं, कुठलं बटण की कुठली कमांड. सगळं मजकूर म्हणून पाठवा. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो नको, त्यात नेमका मार्गच अर्धा कापलेला असतो.